बावीसच्या सप्रेसरमधले शिसे जाते कुठे?

१८८७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल नावाचे एक छोटे काडतूस बाजारात आणले. पुढे बारूद बदलला, वेग वाढला, पण बांधणी जवळजवळ तशीच राहिली: पितळेचे पातळ कवच, त्याच्या बुडाच्या कडेत भरलेले ठिणगी देणारे रसायन, चिमूटभर बारूद आणि वर मेण किंवा तेल लावलेली शिशाची गोळी. फायरिंग पिन बुडाच्या मध्यावर न आदळता कडेवर आदळते, म्हणून हे ‘रिमफायर’. ते स्वस्त असते, खांद्याला धक्का देत नाही, आणि नेमबाजीची मुळाक्षरे बहुतेक जण त्याच्यावरच गिरवतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले ते याच काडतुसावर. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली, तीही याच काडतुसावर.

त्यांच्या रायफलींवर सप्रेसर नव्हता. भारतात बंदुकीचा आवाज कमी करणारी जोडणी शस्त्रनियमांनी निषिद्ध वर्गात टाकली आहे आणि सामान्य परवानाधारकाला ती मिळत नाही. त्यामुळे रिमफायर सप्रेसरची सफाई आणि निगा हा मुख्यतः अमेरिकेतला विषय आहे. तिथे मात्र त्यावर हिरिरीने वाद होतात, घरगुती नुस्खे हातोहात फिरतात, आणि त्यातला सर्वांत लोकप्रिय नुस्खा सर्वांत धोकादायकही आहे.

हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे, म्हणजेच सप्रेसरचे, पेटंट घेतले. मशीनगन बनवणाऱ्या हायरम स्टीव्हन्स मॅक्सिमचा हा मुलगा. सुरुवातीला हे उपकरण हार्डवेअरच्या दुकानांतही मिळत असे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने त्याच्यावर २०० डॉलरचा कर आणि केंद्रीय नोंदणी लादली. त्या काळी हा कर खुद्द सायलेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट होता. नव्वद वर्षे तो आकडा हलला नाही, आणि महागाईने त्याची धार आपोआप बोथट झाली. २०२४ पर्यंत अमेरिकेत नोंदलेल्या सप्रेसरांची संख्या ४० लाखांच्या वर गेली होती. १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला. नोंदणी आणि पार्श्वभूमीची तपासणी मात्र कायम आहे. नवा ग्राहक पुष्कळदा .२२ च्या सप्रेसरपासून सुरुवात करतो, कारण तो स्वस्त असतो आणि त्याचा गुण लगेच कानाला कळतो. .२२ रायफलीचा साधारण १४० डेसिबलचा आवाज चांगल्या सप्रेसरने आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या गोळीने १२० च्या खाली येतो. शेजाऱ्यांना त्रास होत नाही आणि कानाच्या पडद्यावरचा मारही कमी होतो. पहिली हजार-पाचशे काडतुसे झाडून झाली की मग मालकाला दुसरी बाजू दिसू लागते.

सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेला एक दंडगोल. त्याच्या आत एकामागून एक पडदे असतात. त्यांना ‘बॅफल’ म्हणतात. प्रत्येक बॅफलला मध्यभागी छिद्र असते, गोळी त्यातून सरळ निघून जाते, आणि तिच्यामागचा तापलेला वायू कप्प्याकप्प्यांत अडतो, पसरतो, थंड होतो आणि मग सावकाश बाहेर पडतो. वायू थंड करणे हेच या उपकरणाचे काम असल्यामुळे वायूबरोबर जे काही वाहत येते ते तिथेच बसते.

आणि .२२ बरोबर पुष्कळ काही वाहत येते. .२२३ सारख्या सेंटरफायर काडतुसाच्या गोळीवर तांब्याचे आवरण असते आणि कमाल दाब प्रति चौरस इंच ५५,००० पौंडांपर्यंत जातो. त्या तापमानात आणि झोतात बरीचशी घाण जळून किंवा उडून जाते, म्हणून तसले सप्रेसर कित्येक वर्षे उघडले नाहीत तरी चालते. .२२ चा कमाल दाब २४,००० पौंड. झोत कमजोर, बारूद थोडा, तोही पुरता जळत नाही. वर शिशाच्या गोळीला कसले आवरण नाही. काही ब्रँडांत तांब्याचा मुलामा असतो, तो कागदासारखा पातळ. तापलेला वायू गोळीच्या बुडाचे शिसे खरवडतो आणि काही अंशी वितळवतो, कारण शिसे ३२७ अंशांनाच वितळते. त्यात मेण मिसळते, काजळी मिसळते, रसायनातले शिशाचे संयुग मिसळते आणि त्याच रसायनात घर्षणासाठी पुष्कळदा घातलेली काचेची पूडही मिसळते. बॅफलवर जमणारा राखाडी-काळा थर असा तयार होतो. सुरुवातीला तो नखाने निघतो. हजारभर गोळ्यांनंतर छिन्नीलाही दाद देत नाही.

एक हिशोब मांडून बघण्यासारखा आहे. .२२ ची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. पाचशे काडतुसांचा खोका, ज्याला अमेरिकेत ‘ब्रिक’ म्हणतात, संपला की जवळपास १.३ किलो शिसे त्या नळीतून गेलेले असते. त्यातला अगदी थोडा भाग मागे राहतो, पण तो प्रत्येक खेपेला राहतो. म्हणूनच जाणकार मालक नव्या सप्रेसरचे वजन पहिल्याच दिवशी ग्रॅममध्ये टिपून ठेवतात. दीड-पावणेदोनशे ग्रॅमची वस्तू पन्नास ग्रॅमने जड झाली असेल, तर आत काय भरले आहे ते वेगळे सांगायला नको. गोळ्या मोजत बसण्यापेक्षा तराजू जास्त खरे बोलतो.

घाण साचल्याने काय बिघडते, याबद्दल गैरसमज बरेच आहेत. गोळीचा मार्ग बुजेल आणि स्फोट होईल अशी भीती नवख्यांना असते. तसे सहसा होत नाही. गोळी आपल्यापुरता रस्ता स्वतःच मोकळा ठेवते. खरा धोका आट्यांवर आणि बैठकीवर साचलेल्या मळाचा. सप्रेसर नळीच्या खांद्याशी पुरता टेकला नाही, केसभर तिरपा बसला, तर गोळी बॅफलच्या कडेला घासते आणि एका क्षणात बॅफल फाटते. शिवाय कप्प्यांतली जागा शिशाने भरत गेली की वायूला पसरायला वाव उरत नाही आणि आवाज हळूहळू चढतो. सर्वांत सामान्य तक्रार मात्र याहून साधी आहे: सप्रेसर उघडतच नाही. शिशाचा थर बॅफल आणि बाहेरचा दंडगोल यांना सांधून टाकतो. मग मालक तो व्हाइसमध्ये आवळतात, दंडगोल चेपतो, आणि त्याच दंडगोलावर सरकारी नोंदणीचा क्रमांक कोरलेला असतो.

इथे कायदा आड येतो. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने सप्रेसरसाठीच बनवलेला सुटा भागही सप्रेसरच ठरतो. त्यामुळे फाटलेले बॅफल दुकानातून आणून घरी बदलता येत नाही. ते परवानाधारक निर्मात्याकडेच पाठवावे लागते. साधा ओरखडा आणि फाटणे यांतला फरक महिनोनमहिन्यांच्या खोळंब्याचा असतो, म्हणूनही निगेला इतके महत्त्व.

आता सफाईच्या पद्धती. सर्वांत जुनी पद्धत हातानेच खरवडण्याची: बॅफल बाहेर काढायचे, प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या खुरपणीने थर उचलायचा, ब्रशने घासायचे. वेळखाऊ, कंटाळवाणी, पण कोणत्याही धातूला चालणारी. १९०३ पासून विकले जाणारे हॉप्स नंबर नाइनसारखे द्रावण काजळी आणि बारुदाचा मळ छान सोडवते, पण घट्ट बसलेल्या शिशापुढे त्याची मात्रा फारशी चालत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्राचेही असेच. सोनार दागिने ज्यात धुतात तसले हे यंत्र काजळी ढगासारखी बाहेर काढते. शिशाचे कवच मात्र बहुतांशी जागच्या जागी राहते. त्यात तीव्र अल्कली द्रावण घातले आणि बॅफल ॲल्युमिनियमचे असले तर बॅफलच खाल्ले जाते.

पोलादी बॅफलांसाठी सर्वांत भरवशाची ठरलेली पद्धत ओल्या टंबलरची आहे. फिरत्या पिंपात पाणी, भांड्याचा साबण आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक सुया घालून बॅफल काही तास फिरवले की शिसे चेचले जाऊन निघून जाते. ज्यांच्याकडे काडतुसाची कवचे पुन्हा भरण्यासाठी हे यंत्र आधीच असते, त्यांना वेगळा खर्चही नाही. दोन पथ्ये पाळायची: ॲल्युमिनियम त्यात घालायचे नाही, आणि परत जोडण्याआधी एखादी सुई छिद्रात अडकली नाही ना हे प्रत्येक बॅफल उजेडासमोर धरून बघायचे. वाळूचा किंवा सोड्याचा झोत मारणारे लोकही आहेत. बॅफल चकचकीत निघते, पण बंदिस्त पेटी आणि योग्य गाळणी नसेल तर शिशाची धूळ थेट छातीत जाते. घरच्या गॅरेजमध्ये हा उद्योग करू नये. गॅसच्या ज्योतीने शिसे वितळवून पाडण्याचा सल्लाही कुणीकुणी देते. तो तर मुळीच मानू नये.

यानंतर तो लोकप्रिय नुस्खा. अमेरिकी नेमबाज त्याला नुसते ‘डिप’ म्हणतात. औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्वयंपाकघरातले पांढरे व्हिनेगर निम्मे-निम्मे घ्यायचे आणि त्यात पोलादी बॅफल बुडवायचे. काही मिनिटांत द्राव फसफसतो, गढूळ होतो, आणि ज्या शिशाने खुरपणीला दाद दिली नव्हती ते पापुद्र्यांनी सुटू लागते. पोलादाला थोड्या वेळात फारसा धक्का लागत नाही. खर्च चार-दोन डॉलर. लोकांना त्याची भुरळ पडते हे समजण्यासारखे आहे.

पण शिसे तिथून नाहीसे होत नाही. पेरॉक्साइड त्याचे ऑक्सिडीकरण करते, ॲसेटिक आम्ल त्याला विरघळवते, आणि बाटलीत उरते ते लेड ॲसिटेट. घन शिशाचा तुकडा हातात धरला तर त्वचेतून जवळपास काहीच आत जात नाही. लेड ॲसिटेट पाण्यात पूर्ण विरघळते, पोटात गेले तर झपाट्याने रक्तात मिसळते, आणि त्वचेतूनही थोडे शिरू शकते. चवीला ते गोड असते. रोमन लोक शिशाच्या भांड्यांत द्राक्षाचा रस आटवत आणि त्या पाकाने दारू गोड करत, तो गोडवा काही अंशी याच पदार्थाचा. केस काळे करणाऱ्या काही रंगद्रव्यांत ते अनेक दशके वापरात होते; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची मान्यता २०१८ मध्ये काढून घेतली. म्हणजे ज्या पदार्थाला सरकारने केसांवर लावायलाही नकार दिला, तो लोक घरातल्या सिंकजवळ लिटरभर बनवतात आणि मोरीत ओतून देतात.

अमेरिकेच्या घातक कचऱ्याच्या नियमांत ठरावीक चाचणीत लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे उतरले की तो कचरा घातक ठरतो. डिपच्या एका बरणीत काही ग्रॅम शिसे सहज विरघळते, म्हणजे त्या रेषेच्या शेकडो पट. घरगुती कचऱ्याला कायद्यात सवलत असली तरी रसायनाला ती सवलत कळत नाही. डिप वापरायचाच असेल तर तो ॲल्युमिनियम किंवा मुलामा दिलेल्या भागांना लावू नये, उघड्यावर आणि हातमोजे घालून वापरावा, आणि उरलेला द्राव बंद बरणीत भरून, वर स्पष्ट लिहून, काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यावा. इतके करायची तयारी नसेल, तर टंबलर किंवा खुरपणी यांवर भागवणे हाच शहाणपणा आहे. टंबलरचे काळे पाणीही शिशाचेच असते हे खरे, पण त्यातले बहुतेक शिसे कणांच्या रूपात तळाशी बसते. गाळून घेता येते.

शिशाबद्दलची ही काळजी कुणाला अवास्तव वाटेल. मराठी घरांना तर शिसे परके नाही. मारुतीला आणि गणपतीला पूर्वापार फासला जाणारा शेंदूर शिशाचाच ऑक्साइड आहे. पण वैद्यकशास्त्राचे मत गेल्या काही दशकांत एकाच दिशेने सरकले आहे. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या रक्तातील शिशासाठी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने ठेवलेली इशाऱ्याची पातळी २०२१ मध्ये डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, कारण त्यातले काही मूत्रावाटे जाते आणि काही हाडांत जाऊन बसते. हाडांतले दशकानुदशके राहते. नेमबाजांवर झालेल्या अभ्यासांचा आढावा मार्क लेडलॉ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घेतला, तेव्हा बहुतेक अभ्यासांत काही नेमबाजांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळलेले होते. २०१२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरात एका इनडोअर रेंजच्या विस्ताराचे काम चालू असताना कितीतरी कामगारांच्या रक्तात शिसे वाढलेले सापडले. त्यांनी बंदूक हातात धरलेलीही नव्हती. त्यांनी हलवली ती नुसती धूळ.

सप्रेसर साफ करणारा माणूस हीच धूळ घरात आणतो. शिवाय स्वयंचलित भरणीच्या .२२ पिस्तुलावर सप्रेसर लावला की काही वायू मागे वळून नेमबाजाच्या तोंडावर येतो, कारण पुढचा रस्ता आता अडलेला असतो. बोल्ट ॲक्शन रायफलीत हा त्रास जवळपास नाही. म्हणून नियम साधे आणि कडक हवेत. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, स्वयंपाकघर वर्ज्य करावे, कोरडे झाडणे टाळून ओल्या फडक्याने पुसावे, आणि त्या कपड्यांची धुलाई वेगळी करावी. हातावरचे शिसे नुसत्या साबणाने पुरते निघत नाही असे अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या संशोधकांना आढळले, आणि त्यासाठी त्यांनी खास पुसण्याचे कापड विकसित केले. रांगते मूल किंवा गरोदर स्त्री घरात असेल तर हे काम घराबाहेरच करावे. बालेवाडीच्या किंवा कोल्हापूरच्या रेंजवर सप्रेसर नसला तरी गोळी तीच, धूळ तीच. सराव संपल्यावर डबा उघडण्याआधी हात धुण्याची सवय तिथल्या मुलांनाही लावायला हवी.

या सगळ्या कटकटीवर खरा उतारा रसायनांत नाही, रचनेत आहे. काही दशकांपूर्वीचे पुष्कळ .२२ सप्रेसर कायमचे बंद असत. आत शिसे भरले की ते तेलात भिजवण्यापलीकडे मालकाच्या हातात काही नसे. पुढे उघडता येणारे आले, पण बॅफलांचा एकसंध गाभा शिशाने जाम होऊन बसू लागला. सायलेन्सरको कंपनीच्या स्पॅरो सप्रेसरने यावर सोपी युक्ती काढली: गाभ्याभोवती दोन अर्धवर्तुळाकार पन्हळी बसवल्या. बाहेरचा दंडगोल पन्हळींवरून सरकतो, पन्हळी बाजूला होतात, आणि कितीही मळ असला तरी गाभा मोकळा होतो. रुगर कंपनीने २०१६ मध्ये आपला पहिला सप्रेसर सायलेंट-एसआर आणला. त्यातले बॅफल वाटीत वाटी बसावी तसे एकमेकांत बसतात, त्यामुळे मळ दंडगोलापर्यंत पोचतच नाही. बॅफल १७-४ जातीच्या स्टेनलेस पोलादाचे, म्हणजे टंबलरला न घाबरणारे. नवा सप्रेसर घेताना आवाजाच्या दोन-तीन डेसिबलपेक्षा हे दोन गुण, सहज उघडणे आणि पोलादी बॅफल, जास्त मोलाचे आहेत. ॲल्युमिनियमचा सप्रेसर हलका आणि स्वस्त मिळतो, पण तो जन्मभर खुरपणीच्या हवाली होतो. याच कारणाने सेंटरफायरचा बंद सप्रेसर सोयीसाठी .२२ वर चढवू नये; त्यात गेलेले शिसे परत निघत नाही.

जोडणीआधी बॅफलवर सिलिकॉन तेलाचा पातळ हात फिरवला तर पुढच्या खेपेला शिसे बरेच सहज सुटते, आणि दर काही शे गोळ्यांनी एकदा उघडून पुन्हा बंद केले, भले साफ नाही केले, तरी ते जाम होत नाही. बॅफलांचा क्रम आणि दिशा चुकू नये म्हणून काढतानाच खुणा कराव्यात. तेलाचा हात आणि अधूनमधून उघडणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

दारूगोळ्याच्या बाजूनेही हालचाल आहे. सीसीआय कंपनीच्या क्लीन-२२ या काडतुसात शिशाच्या गोळीवर पॉलिमरचे आवरण असते आणि सप्रेसरवाल्यांनाही डोळ्यांसमोर ठेवून ते विकले जाते. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्यान्वये शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १ जुलै २०१९ पासून ती पूर्ण लागू झाली, ती मुख्यतः मेलेली जनावरे खाऊन मरणाऱ्या काँडोर गिधाडांसाठी. त्यामुळे बिनशिशाच्या .२२ गोळ्यांना बाजार मिळाला. त्या महाग आहेत, हलक्या आहेत, आणि अचूकतेत चांगल्या शिशाच्या गोळीची बरोबरी त्यांनी अजून केलेली नाही; स्पर्धेतला नेमबाज त्यांच्याकडे इतक्यात वळणार नाही. तोवर शिसे येत राहणार.

निर्माते आज पुस्तिकेत किती गोळ्यांनी सप्रेसर उघडावा ते सांगतात. त्यांनी त्याच पानावर, वॉरंटीच्या अटींइतक्याच ठळक अक्षरांत, धुतलेले पाणी कुठे द्यायचे आणि कुठे ओतायचे नाही हेही छापावे. आणि ज्यांच्या घरी .२२ नियमित झाडली जाते, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घ्यावे. डॉक्टरांना कारण सांगून मागितली तर ही साधी रक्तचाचणी होते.